चंद्राची माती काळी, मग चंद्र पांढरा कसा?

भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "अपोलोने आणलेल्या मातीचे फोटो पाहिले तर ती कोळशाच्या पुडीसारखी दिसते. मग पौर्णिमेचा चंद्र एवढा पांढरा कसा? आणि चंद्रावरचा खडक आणि तिथली माती यांची रासायनिक रचना जर जवळजवळ एकच असेल, तर परावर्तित प्रकाश मोजल्यावर दोघांचे आलेख वेगळे का येतात?"

तुमचा दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. मी गेली अठरा वर्षं खडकांच्या आणि चूर्णांच्या परावर्तनाचं काम करते आहे, आणि त्यातला निम्मा वेळ याच एका प्रश्नापाशी गेला. पण आधी पहिला घेऊ.

चंद्र काळाच आहे. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास प्रकाश तो परत पाठवतो. उन्हापावसाने विटलेला जुना डांबरी रस्ता साधारण एवढाच प्रकाश परत पाठवतो. रात्री आजूबाजूचं आकाश गडद असतं, डोळा अंधाराला सरावलेला असतो, आणि भर उन्हातला असा एक डांबरी गोळा समोर येतो, म्हणून तो पांढरा वाटतो. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे, हे लक्षात घेतलं की त्या १२ टक्क्यांनीही डोळे का दिपतात ते कळतं. २०१५ च्या जुलैमध्ये डिस्कव्हर या यानाने पृथ्वीसमोरून चंद्र सरकताना फोटो काढले. एकाच चौकटीत, एकाच उन्हात दोघं होते. ढगांनी झळकणाऱ्या पृथ्वीपुढे चंद्र मळकट, करडा, किंचित तांबूस दिसतो. तो फोटो नक्की शोधून पाहा.

आता एक गोष्ट तुम्ही घरच्या गच्चीवरूनही तपासू शकता. अष्टमीला चंद्राची निम्मी तबकडी उजळलेली असते. मग तिचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असायला हवा ना? प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा असतो. अष्टमीला सूर्य बाजूने येतो आणि डोंगर-विवरांपासून ते मातीच्या प्रत्येक कणापर्यंत सगळ्यांच्या सावल्या आपल्याला दिसतात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, प्रत्येक कण आपली सावली स्वतःच्याच मागे लपवतो. माती जर पिठासारखी पांढरी असती तर एका कणावरून दुसऱ्यावर उड्या मारत प्रकाश त्या सावल्यांत शिरला असता आणि फरक कमी पडला असता. काळ्या मातीत दुसऱ्या-तिसऱ्या उडीपर्यंत प्रकाश उरतच नाही, म्हणून सावल्या काळ्याकुट्ट राहतात आणि त्या लपल्या की उजेड एकदम वाढतो. सूर्य अगदी बरोब्बर पाठीशी आला तर काय होतं हे पृथ्वीवरून पाहता येत नाही, कारण नेमकं तेव्हा चंद्रग्रहण लागतं. १९९४ च्या क्लेमेंटाइन यानाने ते पाहिलं: सूर्य, चंद्र आणि कॅमेरा यांच्यातला कोन ४ अंशांवरून शून्यावर येताना उजेड ४० टक्क्यांहून जास्त वाढला. त्यात सावल्या लपण्याबरोबर प्रकाशलहरी एकमेकींना बळ देण्याचाही वाटा आहे. अपोलोच्या फोटोंत अंतराळवीराच्या डोक्याच्या सावलीभोवती जी उजळ प्रभा दिसते, ती हीच.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी आधी चंद्र सोडून आपल्या खडी क्रशरपाशी येऊ. आपला दख्खनचा काळा दगड तुम्ही पाहिलाच आहे. क्रशरच्या आसपासची झाडं, पत्रे, टपऱ्या मात्र पांढुरक्या करड्या धुळीने माखलेली असतात. दगड काळा आणि त्याची भुकटी पांढुरकी. अखंड दगडात शिरलेला प्रकाश आत लांबचा प्रवास करतो आणि वाटेतच शोषला जातो. दगड दळला की पृष्ठभाग हजारो पटींनी वाढतो, प्रकाश बारीक कणांच्या कडांवर आपटून लवकर बाहेर फेकला जातो आणि शोषणाला अंतर कमी मिळतं. हा नियम बहुतेक सगळ्या खडकांना लागू आहे. चंद्राच्या खडकालाही.

म्हणजे अब्जावधी वर्षं उल्कांनी दळलेली चंद्राची माती तिथल्या खडकापेक्षा उजळ असायला हवी होती. अपोलो ११ चे नमुने हातात आल्यावर जॉन ॲडम्स आणि टॉम मॅककॉर्ड यांनी नेमकी हीच तुलना केली. चांद्रखडक प्रयोगशाळेत दळला तर भुकटी अपेक्षेप्रमाणे उजळ आली आणि तिच्या वर्णपटात, म्हणजे परावर्तनाच्या आलेखात, खनिजांच्या खाचा (ज्या तरंगलांबींचा प्रकाश खनिज गिळतं तिथले खळगे) स्पष्ट दिसल्या. त्याच जागची, जवळजवळ त्याच रचनेची माती मात्र तिच्यापेक्षा काळी निघाली, आलेख तांबड्या बाजूला चढता, आणि खाचा उथळ, पुसट. याचा अर्थ चंद्राची माती हा नुसता दळलेला खडक नव्हे. दळल्यानंतर तिला आणखी काहीतरी झालेलं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या "आणखी काहीतरी"त आहे.

पुढे जाण्याआधी मोजमाप कसं होतं ते सांगते, कारण आलेखातले निम्मे घोळ तिथे होतात. चूर्ण एका उथळ काळ्या वाटीत ओततात. दिव्याचा प्रकाश ठरावीक कोनातून पाडतात आणि ठरावीक कोनातून टिपतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या रेलॅब या प्रयोगशाळेत, जिथे अपोलोच्या मातीची बरीच मोजमापं झाली, ३० अंशांतून प्रकाश पाडून बरोबर वरून पाहण्याची पद्धत रूढ आहे. त्याच जागी स्पेक्ट्रॅलॉनची पांढरीशुभ्र चकती ठेवून पुन्हा मोजतात आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागतात. एवढंच. पण वाटी कशी भरली यावर बरंच काही ठरतं. मी नवीन असताना चूर्णाचा पृष्ठभाग सपाट दिसावा म्हणून काचपट्टीने हलकेच दाबायचे. आकडे एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरे. महिनाभराची मोजणी फुकट गेल्यावर वरिष्ठांनी मला वाटी भिंगाखाली ठेवायला सांगितली. दाबलेला भाग चकाकत होता आणि न दाबलेल्या कडेला कण एकमेकांवर नाजूक मनोऱ्यांसारखे उभे होते. चंद्रावरची सगळ्यात वरची माती अशीच पोकळ, मनोऱ्यांची आहे. तेव्हापासून मी चूर्ण ओतते आणि त्याला हात लावत नाही.

आता खाचा. खनिजातल्या लोहाच्या अणूभोवती ऑक्सिजनच्या अणूंचा पिंजरा असतो. त्या पिंजऱ्याच्या आकारावरून लोहाचे इलेक्ट्रॉन कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश गिळणार ते ठरतं. पायरॉक्सिन हे खनिज १ आणि २ मायक्रोमीटरच्या जवळ गिळतं, आणि त्यात कॅल्शियम वाढलं की दोन्ही खाचा लांब तरंगलांबीकडे सरकतात: पहिली ०.९ वरून १ कडे, दुसरी १.९ वरून २.२ च्या आसपास. ऑलिव्हिन या खनिजाची १.०५ च्या जवळ एक रुंद खाच असते, २ ची नसते. प्लॅजिओक्लेज या फिकट खनिजामध्ये लोह नावापुरतंच, तरी स्फटिक शाबूत असेल तर १.२५ ला हलकी खाच दिसते. इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड, मात्र सगळ्याच तरंगलांबी गिळून बसतं. म्हणून अपोलो ११ च्या जागची ७.५ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असलेली 'सागरी' (चंद्राच्या काळ्या लाव्हामैदानांतली) माती एवढी काळी आहे, आणि अपोलो १६ च्या डोंगराळ भागातली प्लॅजिओक्लेजने भरलेली माती तिच्या दुपटीहून उजळ.

हे सगळं डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात चालतं. चंद्र आपल्याला करडा दिसतो याचं एक कारण हेच: जिथे तो खरा बोलतो तिथे आपला डोळा पोहोचत नाही.

आता मातीला काय झालं ते. पहिला संशय काचेवर गेला. सूक्ष्म उल्का आपटली की थोडी माती वितळते आणि आसपासचे कण त्या काचेत चिकटून वेडावाकडा गठ्ठा तयार होतो. त्याला ॲग्लुटिनेट म्हणतात. जुन्या मातीत हे गठ्ठे भरपूर, म्हणून काळेपणा त्यांच्या गडद काचेमुळे, असं ॲडम्स आणि मॅककॉर्ड यांचं म्हणणं होतं. तर्क चांगला होता. पण चांद्ररचनेचं मिश्रण प्रयोगशाळेत नुसतं वितळवून काच केली तर ती एवढी काळी होत नाही. ब्रूस हाप्के यांनी १९७० च्या दशकात वेगळं मांडलं: सूक्ष्म उल्कांच्या उष्णतेने आणि सौरवाऱ्याच्या (सूर्यातून सतत सुटणाऱ्या विद्युतभारित कणांच्या) माऱ्याने कणांची वाफ होते, ती शेजारच्या कणांवर बसते, आणि त्या थरात लोह ऑक्सिजनपासून सुटून शुद्ध धातूच्या रूपात उरतं. पुरावा हातात नव्हता आणि बरीच वर्षं फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. १९९३ मध्ये ह्यूस्टनच्या लिंडसे केलर आणि डेव्हिड मॅके यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चांद्रकणांचे छेद पाहिले. कणाभोवती सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचं कवच आणि त्यात मोहरीसारखे विखुरलेले काही नॅनोमीटरचे लोहगोळे. कवचाची रासायनिक रचना आतल्या कणाशी जुळत नव्हती, म्हणजे ते बाहेरून येऊन बसलेलं होतं.

माझ्या मते चांद्रमातीबद्दलचा हा सगळ्यात मोलाचा शोध आहे. शुद्ध लोहाचं प्रमाण वजनाने एखाद्या टक्क्याहूनही कमी. पण ते नेमकं कणाच्या कवचात आहे, प्रकाशाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. खूप बारीक लोहगोळे निळा प्रकाश जास्त गिळतात, त्यामुळे आलेख तांबड्याकडे चढतो. थोडे मोठे, काही दशक नॅनोमीटरचे गोळे सरसकट काळं करतात. आणि दोघं मिळून आतल्या खनिजाची खाच झाकतात, काजळी धरलेल्या काचेतून आतलं पुसट दिसावं तशी. कवच पृष्ठभागावर असल्याने बारीक कणांचा वाटा मोठा पडतो. माती चाळून ४५, २० आणि १० मायक्रोमीटरच्या गटांत वेगळी केली तर १० ते २० मायक्रोमीटरच्या गटाचा आलेख अखंड मातीच्या आलेखाशी सगळ्यात जास्त जुळतो. ॲग्लुटिनेटच्या काचेतही हे लोह असतं, त्यामुळे पहिला संशय अगदीच चुकीचा नव्हता. २००१ मध्ये जपानच्या शो सासाकी आणि सहकाऱ्यांनी निर्वात पात्रात ऑलिव्हिनवर नॅनोसेकंदांचे लेसर झटके मारले. सूक्ष्म उल्केच्या टकरीची ती नक्कल होती. ऑलिव्हिन काळवंडलं, तांबूस झालं, आणि छेदात तेच लोहगोळे सापडले.

तुम्ही कोकणातला जांभा पाहिला असेल. बसॉल्टमधलं लोह पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंजतं, आणि तांबडं होतं. तोच बसॉल्ट चंद्रावर उलट्या वाटेने जातो: लोह ऑक्सिजन सोडून धातू होतं. दोन्हीकडे आपण "झीज" हाच शब्द वापरतो, पण वर्णपट वाचताना या दोन झिजा एकमेकींच्या विरुद्ध टोकाला असतात हे विसरू नका.

म्हणून चंद्रावरच्या मातीच्या आलेखात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: ती कशाची बनली आहे, आणि ती किती काळ उघड्यावर पडली आहे. टायको विवराचे पांढरे पट्टे पौर्णिमेला दुर्बिणीशिवायही जाणवतात. तिथली माती कुठल्या वेगळ्या पांढऱ्या खनिजाची नाही, ती नवी आहे, सुमारे ११ कोटी वर्षांची. कोपर्निकस विवराचं वय साधारण ८० कोटी वर्षं, त्याचे पट्टे त्यामानाने विटले आहेत. रायनर गॅमा नावाचा पांढरा फराटा आणखी विलक्षण आहे. तिथे खडकांत स्थानिक चुंबकीय क्षेत्र आहे, ते सौरवारा अडवतं, आणि माती तरुण दिसत राहते, असं बहुतेकांचं मत आहे. मातीचा कण किती काळ उघड्यावर होता हे मोजण्याच्या इतरही रीती आहेत, आणि त्यात आपला वाटा आहे: मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांतल्या स्फटिकांत वैश्विक किरणांनी सोडलेल्या खुणा मोजल्या होत्या.

या गुंत्यातून वाट काढली ती पॉल ल्यूसी आणि सहकाऱ्यांनी, १९९५ मध्ये. ७५० नॅनोमीटरवरचा उजेड एका अक्षावर आणि ९५० व ७५० यांचं गुणोत्तर दुसऱ्यावर मांडलं. मुरलेली, म्हणजे फार काळ उघड्यावर पडलेली, माती एका दिशेला सरकते, लोह वाढलं की दुसऱ्या दिशेला. दोन दिशा वेगळ्या करता आल्या आणि क्लेमेंटाइनच्या चित्रांतून साऱ्या चंद्राचा लोहाचा नकाशा निघाला. पण आकडे बसवायला आधार लागला तो यान उतरलेल्या जागांवरून आणलेल्या मातीचाच. अपोलो १६ चा ६२२३१ क्रमांकाचा नमुना तर आमच्या क्षेत्रात मापाच्या शेरासारखा वापरला गेला आहे.

रंगावरून रासायनिक रचना सांगायची घाई किती महागात पडते याचं उदाहरण म्हणून अपोलो १७ ची नारिंगी माती सांगते. १९७२ च्या डिसेंबरात अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांना शॉर्टी विवराच्या कडेला ती दिसली. ते ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले, टायटॅनियमयुक्त काचेचे बारीक मणी आहेत. त्यांच्यासोबत काळे मणीही मिळाले, आणि दोघांची रचना एकच. नारिंगी मणी झटकन थंड होऊन काचच राहिले. काळे सावकाश थंड झाले आणि आत इल्मेनाइट-ऑलिव्हिनचे स्फटिक धरले. मूलद्रव्यं तीच, फक्त थंड होण्याचा वेग वेगळा.

दुसरं उदाहरण अगदी ताजं. चंद्राच्या वायव्येकडच्या तरुण लाव्हांच्या आलेखांत १ मायक्रोमीटरची खाच रुंद आणि २ ची अशक्त दिसायची, त्यामुळे तिथे ऑलिव्हिन भरपूर असावं असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. २०२० च्या डिसेंबरात चांग-ई ५ यानाने तिथली १,७३१ ग्रॅम माती आणली. बसॉल्ट सुमारे २०० कोटी वर्षांचा निघाला, चंद्राच्या मानाने तरुण. पण ऑलिव्हिन थोडंच होतं. तो आलेख लोहाने समृद्ध अशा कॅल्शियमयुक्त पायरॉक्सिनचा होता, ज्याच्या खाचा लांब तरंगलांबीकडे सरकून ऑलिव्हिनचा भास करतात. चूक मोजमापात नव्हती, ती अर्थ लावण्यात होती. मूठभर मातीने तो दुरुस्त केला.

पाण्याबद्दल थोडक्यात. अपोलोच्या मातीच्या आलेखात ३ मायक्रोमीटरपाशी खाच दिसायची, पण ती पृथ्वीवरच्या दमट हवेची समजून बाजूला ठेवली जायची, आणि त्यात गैर काही नव्हतं. आमच्याकडेही पावसाळ्यात मोजलेल्या चूर्णात १.९ ची पाण्याची खाच लगेच खोल होते. चांद्रयान-१ वरच्या एम-थ्री या उपकरणाने, ज्याच्या प्रमुख ब्राउन विद्यापीठाच्या कार्ली पीटर्स होत्या, ती खाच थेट चंद्रावर दाखवली. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि कॅसिनी व डीप इम्पॅक्ट यानांनी दुजोरा दिला. एम-थ्री ३ मायक्रोमीटरपर्यंतच पाहू शकत होतं, आणि तापलेला चंद्र तिथे स्वतःच्या उष्णतेनेही झळकतो. ती उष्णता किती वजा करायची यावर पुढे बरेच वाद झाले. चांद्रयान-२ वरचं आयआयआरएस हे उपकरण ५ मायक्रोमीटरपर्यंत जातं, म्हणून ते वजाबाकीसाठी उपयोगी आहे. शिवाय ३ च्या खाचेवरून ते हायड्रॉक्सिल (एका ऑक्सिजन आणि एका हायड्रोजन अणूची जोडी) की खरं पाणी हे स्पष्ट होत नाही. त्यासाठी ६ मायक्रोमीटर पाहावं लागतं, आणि सोफिया या विमानातल्या दुर्बिणीने क्लॅव्हियस विवराजवळ २०२० मध्ये ते दाखवलं.

तुम्हाला हे हाताने करून पाहायचं असेल तर सुरुवात आपल्या बसॉल्टपासून करा. कॉलेजजवळच्या खाणीतून ताजा तुटलेला, गंज न धरलेला तुकडा घ्या. खलात कुटा, ४५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळा, ओव्हनमध्ये वाळवा, आणि ज्या संस्थेत अवरक्त परावर्तन मोजायची सोय आहे तिथे मार्गदर्शकांमार्फत वेळ मागा. लोणारला जाणं झालं तर विवराच्या कडेवरचाही दगड फक्त पाहून या, उचलू नका. बसॉल्टमध्ये झालेलं एवढं नीट जपलेलं आघातविवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. तुमच्या आलेखात १.४ आणि १.९ ला पाण्याच्या खाचा येतील आणि २.३ च्या आसपास चिकणमातीची. त्या बाजूला काढा. १ आणि २.२ च्या जवळ जे उरेल ते ऑजाइट, म्हणजे कॅल्शियमवालं पायरॉक्सिन. मग रेलॅबच्या खुल्या संग्रहातून अपोलो ११ च्या १००८४ या मातीचा आलेख उतरवून त्याच कागदावर काढा. तुमची रेघ वर असेल, त्यांची खाली, तिरकी आणि जवळजवळ सपाट खाचांची. आधी दोन्ही रेघांना सरळ रेषा लावून ढाळ वेगळा काढा आणि मगच खाचांची खोली मोजा, नाहीतर तुलना फसेल. आकडे आले की आलेखासह लिहा. ढाळ काढण्यात पहिल्यांदा हमखास गडबड होते, ती आपण मिळून पाहू.